मोलकरीण न सांगता का जाते?

“इतकी वर्षे घरच्यासारखे वागविले, आणि एक दिवस न सांगता गेली!” हे उद्गार आपल्या घरांतून वरचेवर ऐकू येतात. पाहुण्यांच्या गर्दीत, नवरात्राच्या तोंडावर किंवा घरात कोणी अंथरुणास खिळले असता मोलकरीण येईनाशी होते; दोन दिवस वाट पाहण्यात जातात; तिसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीत तिने काम धरल्याची बातमी येते; आणि मग जेवणाच्या पंक्तीत तिच्या कृतघ्नतेचा ठराव एकमताने पास होतो. या खटल्यात फिर्यादी आपण, साक्षीदार आपण आणि न्यायाधीशही आपणच. आरोपीचे म्हणणे मात्र कोणी लिहून घेतलेले नसते. ते येथे मांडावे असे आम्हांस वाटते. आमचे बहुतेक वाचक मोलकरीण ठेवणारे आहेत, तेव्हा हे विवेचन काहींस कडू लागेल हे आम्ही जाणून आहोत.

प्रथम शब्दाकडेच पाहू. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. या शब्दात उपकार नाही, माया नाही, नातेही नाही. आहे तो सरळ व्यवहार. पण हा शब्द आता आपणांस ओशाळवाणा वाटू लागला आहे, म्हणून आपण तिला ‘मावशी’ म्हणतो, ‘ताई’ म्हणतो, किंवा नुसतेच ‘आमची बाई’ म्हणतो. हाक गोड असावी याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या मावशींनी घासलेल्या ताटात आपण दहा वर्षे जेवीत आहो, त्यांचे आडनाव घरातील किती जणांस सांगता येईल? मुंबईत एके काळी कोकणातून आलेल्या घरगड्यास, त्याचे नाव काहीही असो, सरसकट ‘रामा’ म्हणत. एक रामा गेला की दुसरा रामा येई, आणि घराचे काही अडत नसे. मावशींचेही तसेच झाले आहे. शिवाय नाव पुसून नाते लावले म्हणजे मोलाची बोलणी करणे अवघड होऊन बसते. भाचीपाशी पगारवाढ कोणती मावशी मागणार?

आता मोलाचाच हिशेब करू. समजा, एका घरी भांडी आणि केर-फरशी मिळून महिना १,५०० रुपये ठरले आहेत, आणि त्या कामास रोज सव्वा तास लागतो. ३० दिवसांचे साडेसदतीस तास झाले, म्हणजे तासाला ४० रुपये पडले. त्याच महिन्यात गावाहून पाहुणे आले व आठ दिवस राहिले. भांड्यांचा ढीग दुप्पट झाला, काम दोन तासांवर गेले. आठ दिवसांत सहा तास अधिक भरले. त्यांचे मोल २४० रुपये. हे २४० रुपये कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत. पाहुणे जाताना तिच्या हातावर काही ठेवून गेले तर गेले. पुढे तिचे मूल तापाने फणफणले म्हणून तिने दोन दिवस खाडा केला. त्या दोन दिवसांचे १०० रुपये मात्र पगारातून बिनचूक वजा होतात. वजा करणारी गृहिणी लबाड असते असे मुळीच नाही. ती आपल्या समजुतीप्रमाणे ठरल्यासारखेच वागत असते. परंतु ठरताना ‘भांडी’ एवढेच ठरले. किती माणसांची, सणावाराची धरून की सोडून, हे ठरलेच नव्हते. जे ठरले नाही ते सगळे नेहमी एकाच बाजूस झुकते, आणि ती बाजू कोणती हे सांगावयास नको.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका कंपनीने मोबाइलवरून मागणी करताच पंधरा मिनिटांत कामवाली धाडण्याची सोय काढली आणि ग्राहकासाठी आरंभीचा दर तासाला ४९ रुपये ठेवला. त्यावर पुष्कळ टीका झाली. टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःच्या घरचा तासाचा दर काढून पाहिला होता, कोण जाणे.

एकत्र कुटुंबात तर या गोष्टीस आणखी एक पीळ पडतो. मोलकरीण ठरविणार एक, आणि तिला काम सांगणार पाच. सासूबाई म्हणतात, जाता जाता एवढे दळण गिरणीत टाक. थोरल्या सूनबाईंस बाळाची दुपटी धुऊन हवी असतात. धाकटीस माळ्यावरचे डबे काढून हवे असतात. नणंदबाई माहेरी आल्या की त्यांच्या मुलांचे वेगळेच. आजोबांच्या खोलीत पाणी सांडले की तेही तिनेच पुसावयाचे. प्रत्येकाचे काम अवघ्या पाच मिनिटांचे असते. पाच जणांची पाच-पाच मिनिटे मिळून रोज पंचवीस होतात, आणि महिन्याचे साडेबारा तास. यात एकानेही तिच्यावर अन्याय केला असे म्हणता येणार नाही. सर्वांनी मिळून तो केलेला असतो. तिने नाही म्हटले तर ती तोंडाळ ठरते. हो म्हटले तर पुढच्या घरी उशीर होतो आणि तेथील बोलणी खावी लागतात. चार-पाच घरे करणाऱ्या बाईचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकासारखा असतो. पहिल्या स्थानकावर खोळंबा झाला की शेवटच्या स्थानकापर्यंत तो पुरतो, आणि तेथे तिचीच मुले उपाशी वाट पाहत असतात.

बरे, तक्रार करावी तर कोणापाशी? कचेरीतील शिपायास निदान आपला साहेब कोण हे ठाऊक असते. येथे कामावर ठेवणारी सून, पैसे देणारे तिचे यजमान आणि बोल लावणाऱ्या सासूबाई. पगाराचे सुनेपाशी काढले तर ती म्हणते, यांना विचारते. ते म्हणतात, आईला विचार. आई म्हणते, आमच्या वेळी इतक्या पैशांत वर्षाचे काम होत असे. असे दोन-तीन महिने गेले म्हणजे बाई विचारणे सोडते आणि दुसरे घर पाहू लागते. आपणांस वाटते ती न सांगता गेली. खरे म्हणजे ती दोन-तीन महिने सांगतच होती.

आजारपण हा तर या कामात अपराधच मानला जातो. चार दिवस अंथरूण धरले की पाचव्या दिवशी तिच्या जागी दुसरी कोणी ओट्यापाशी उभी असते. याच कारणावरून पुण्यात १९८० साली एक मोठी गोष्ट घडली. आजारपणामुळे कामावर येऊ न शकलेल्या एका मोलकरणीस काढून टाकल्याचे निमित्त झाले आणि तिच्याबरोबरीच्या बायकांनी काम थांबविले. प्रथम त्यांना पुढारी नव्हता, फंड नव्हता, छापील पत्रक नव्हते. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत बातमी गेली आणि संप पसरला. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी सुटी आणि दिवाळीस बोनस या त्यांच्या मागण्या होत्या. त्या दिवसांत पुण्यातील अनेक सुशिक्षित घरांस प्रथमच कळले, की ज्या बायका खाली मान घालून मोरीत बसतात त्यांस एकत्र बसून विचारही करता येतो. दिवाळीस पूर्वी ‘पोस्त’ देत. ते मालकाच्या खुशीवर असे. पुण्यातील पुष्कळ घरी आज बोनस म्हणून एक महिन्याचा पगार देतात. ही रीत आपल्या औदार्यातून आली असा कोणाचा समज असेल तर त्याने या संपाची आठवण ठेवावी.

कायद्याची चाल मात्र या बायकांच्या चालीपेक्षा फारच मंद राहिली. घरकामगारांच्या सेवाशर्तींविषयीचे एक विधेयक १९५९ साली संसदेत आले. त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला आणि ते मंडळ उभे राहण्यास २०११ साल उजाडले. नोंदणी, प्रसूतीसाठी साहाय्य, पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या बाईस १०,००० रुपये सन्मानधन, अशा त्याच्या योजना झाल्या. या रकमा तिच्या हाती याव्यात हे उत्तमच. पण ते कल्याण झाले, मोल नव्हे. पाहुण्यांच्या आठ दिवसांचे काय, याचे उत्तर सन्मानधनात नाही. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयी एक करार संमत केला. कामाच्या अटी, शक्य तर लेखी, सांगितल्या जाव्यात आणि आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळावी, असे त्यात स्पष्ट आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो बंधनकारक म्हणून स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारास या कामगारांसाठी स्वतंत्र कायद्याची आवश्यकता आहे की काय याचा तज्ज्ञ समितीकडून विचार करवून घेण्यास सांगितले. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत अडीच कोटींहून अधिक घरकामगारांनी नावे लिहविली आहेत, एवढे सांगितले म्हणजे प्रश्नाचा आकार ध्यानी येईल.

पैशांहून अधिक लागणारी गोष्ट आणखी एक आहे. तिला चहा देतात तो कप निराळा असतो. फडताळाच्या खालच्या कोपऱ्यात, बहुधा कान तुटलेला. ज्या हातांनी घरातील झाडून सारी कपबशी विसळावयाची, त्याच हातांस त्या कपबशीतून चहा घ्यावयाचा नाही, यामागे स्वच्छतेचा कोणता नियम आहे हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. सोवळे गेले, संध्या गेली, पंक्तीतील भेद गेला, असे आपण एकमेकांस सांगतो. तो कप मात्र राहिला आहे. नव्या इमारतींत तर त्याची भावंडेही जन्मास आली आहेत. कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट, बाहेर पडताना फाटकावर पिशवीची झडती. आणि घरात बांगडी सापडेनाशी झाली की पहिली नजर कोणाकडे जाते? दोन दिवसांनी बांगडी उशीच्या अभ्र्यात सापडते. सापडल्याचे तिला कळविण्याचे मात्र बहुधा राहून जाते. ते तिला घरातील माणसांच्या पुन्हा सैल झालेल्या चेहऱ्यांवरून ओळखावे लागते. अशा घरी ती पुढे महिनाभर येते, कारण तो महिना भरावयाचा असतो.

कोणी म्हणेल, हे सारे खरे असले तरी आमचीही बाजू आहे. ती आहेच. निवृत्तिवेतनावर राहणारे वृद्ध जोडपे, पोरे परदेशी, बाईचा खाडा म्हणजे खरोखरच चूल बंद. त्यांनी पगार कोठवर वाढवावा? काही बायका उचल घेऊन नाहीशा होतात हेही खोटे नाही. परंतु आमचे म्हणणे पगाराच्या आकड्यापेक्षा अटींविषयी अधिक आहे, आणि अटी ठरविण्यास पैसा लागत नाही. घरातील सूनबाई बँकेत जातात. त्यांस किरकोळ रजा आहे, आजारपणाची रजा आहे, बाळंतपणाची भरपगारी रजा आहे, आणि त्यांपैकी एकही दिवस साहेबाच्या मर्जीने मिळालेला नाही. ती बँकेची नोकरी मावशींच्या येण्यावर उभी आहे, हे मावशी न आलेल्या सकाळी घरातील प्रत्येकास समजते. मग बँकेने आपणांस जे लिहून दिले, त्यातील दोन ओळी आपण मावशींस लिहून देण्यास हरकत कोणती? महिन्याच्या भरपगारी सुट्या किती; कोणत्या माणसांचे, कोणते काम; पाहुणे आल्यास किती अधिक; पगारवाढ कोणत्या महिन्यात; आणि अधिक काम कोणी एकानेच सांगावयाचे. एवढ्यासाठी वकील नको, वहीचे एक पान पुरते. उचल घेऊन जाण्याची भीती असेल तर तीही त्याच पानावर लिहावी.

स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि बाईचे खाडे शेजारी शेजारी मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या परिचयाच्या एका घरी, मुली-सुनांच्या आग्रहावरून, त्या दिनदर्शिकेवर बाईच्या अधिक कामाचे दिवसही तांबड्या शाईने मांडण्यास आरंभ झाला. तो महिना काही सणावाराचा नव्हता. महिनाअखेर पाहिले तेव्हा खाड्याच्या फुल्या दोन होत्या, आणि तांबड्या अकरा. सासूबाईंनी चष्मा लावून त्या पुन्हा एकदा मोजल्या, आणि पगाराचे पाकीट सुनेच्या हातून मागून घेतले.