पाळक, वडील आणि वेतन : सातारा–सांगली परिसरातील प्रेसबिटेरियन मंडळीची नेतृत्वव्यवस्था

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात धर्मांतर, शिक्षण, वैद्यकीय सेवा आणि साहित्य या विषयांना मोठे स्थान मिळाले. मिरजेचे रुग्णालय आणि सर विल्यम वॉन्लेस यांचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्याविषयी तर स्वतंत्र सांगण्याची गरज नाही. मात्र रविवारी उपासनेला जमणारी साधी मंडळी कोण चालवते, निर्णय कोण घेते, पाळकाची नेमणूक कोण करते आणि त्याला वेतन कोण देते, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः हे प्रश्न केवळ धर्मशास्त्राचे नाहीत. ग्रामीण महाराष्ट्रात निवडणुकीने बनलेल्या संस्था कशा रुजल्या, आणि कोठे रुजल्या नाहीत, याच्याशीही त्यांचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात प्रेसबिटेरियन मंडळीच्या नेतृत्वव्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एका जिल्ह्यातील दोन परंपरा

आजचा सांगली जिल्हा पूर्वी बहुतांशी सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत यांसारखी संस्थाने यांत विभागलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मिशनांच्या नकाशावर मात्र या प्रदेशाचे दोन भाग त्याच्या कितीतरी आधी पडले होते. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि पुढील वर्षी अमेरिकन मराठी मिशनने तेथे ठाणे उघडले. हे मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीला स्वयंपूर्ण व सार्वभौम मानणारी होती. सातारा, वाई व त्या बाजूचा मुलूख या परंपरेत आला. दक्षिणेकडे कोल्हापूर हे केंद्र धरून प्रेसबिटेरियन मिशन उभे राहिले. १८८४ मध्ये सांगली, त्यानंतर मिरज आणि पुढे इस्लामपूर (आता ईश्वरपूर) येथे त्याची ठाणी झाली.

या विभागणीमागे एखादा धर्मशास्त्रीय वाद असेल असे सहज वाटते. तसे नव्हते. कोल्हापूरचे काम १८५२ मध्ये सुरू करणारे रॉयल वाइल्डर हे मुळात त्याच अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी पश्चिम भारतात आले. मिशनने शाळांवरचा भर कमी करावा, स्थानिक मंडळ्या स्थापाव्यात आणि त्यांच्यावर स्थानिक पाळक नेमावेत, असा त्यांचा आग्रह होता. शाळांवर दृढ विश्वास असलेल्या वाइल्डर यांना हे धोरण मान्य झाले नाही. पुढे बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. १८६१ पासून त्यांनी कोल्हापुरात स्वतंत्रपणे काम केले आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकेतील प्रेसबिटेरियन बोर्डाकडे सोपवले. तात्पर्य, सांगलीची मंडळी प्रेसबिटेरियन आणि साताऱ्याची काँग्रिगेशनल झाली, ती कॅल्व्हिनच्या सिद्धांतामुळे नव्हे. शाळा आणि मंडळी यांत प्राधान्य कशाला द्यावे, या वादामुळे.

प्रेसबिटेरियन रचनेचे स्वरूप

'प्रेसबिटर' हा मूळ ग्रीक शब्द. मराठी बायबलमध्ये त्याच्यासाठी 'वडील' हा शब्द रूढ झाला. जॉन कॅल्व्हिन यांनी १५४१ मध्ये जिनिव्हाच्या मंडळीसाठी जी नियमावली तयार केली, तीत पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदे सांगितली होती. जॉन नॉक्स यांच्यामुळे ही रचना स्कॉटलंडमध्ये स्थिरावली आणि तेथून अमेरिकेत गेली. तिचा गाभा असा, की मंडळीचा कारभार एका व्यक्तीच्या हाती नसतो, तो वडिलांच्या सभेच्या हाती असतो. या सभेला 'सेशन' म्हणतात. पाळक हा सेशनचा अध्यक्ष असतो. पण तोही एक वडीलच होय : उपदेश करणारा वडील. त्याच्याबरोबर बसणारे इतर वडील हे कारभार पाहणारे. ते व्यवसायाने शेतकरी, शिक्षक, कंपाउंडर, गवंडी असे कोणीही असू शकतात. मंडळी त्यांना निवडते आणि नंतर प्रार्थनापूर्वक त्यांची पदावर दीक्षा होते. मतदानाच्या वेळी पाळक आणि वडील यांत उच्चनीच भाव नाही. गरिबांना मदत आणि दानार्पणाचा हिशेब ही कामे सेवकांकडे, म्हणजे डीकनांकडे असतात.

सेशनच्या वर अनेक मंडळ्यांची मिळून प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड व सर्वांत वर जनरल असेंब्ली अशी चढती रचना असते. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. पाळकाला बोलावणे मंडळी पाठवते, परंतु ते मंजूर करण्याचा अधिकार प्रेसबिटरीचा. पाळकाचे सभासदत्वही मंडळीत नसून प्रेसबिटरीत असते. त्यामुळे मंडळीतील एखाद्या वजनदार घराण्याची मर्जी फिरली, तरी ते घराणे पाळकाला एकाएकी काढू शकत नाही. तसेच पाळक मनमानी करू लागला, तर त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची जागा मंडळीला उपलब्ध असते. साताऱ्याकडील काँग्रिगेशनल रचनेत ही वरची पायरी नव्हती. तेथे मंडळीची सभा हीच अंतिम, आणि मंडळ्यांचा संघ फार तर सल्ला देणार.

'वडील' आणि 'वडीलपण'

'वडील' हा शब्द या प्रदेशात कोरा नव्हता. कृष्णाकाठच्या वतनी कागदपत्रांत 'वडीलपणा'वरून झालेले तंटे अभ्यासकांना परिचित आहेत. पाटीलकीच्या दोन शाखांपैकी थोरली कोणती, पहिला मान कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. ते वडीलपण रक्ताने येत असे. मंडळीतले वडीलपण मतदानाने येऊ लागले. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र उलटला.

या बदलाचे महत्त्व कळण्यासाठी सभासद कोण होते हे पाहावे लागते. या परिसरातील ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांत तत्कालीन समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या महार व मांग समाजांतील कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात स्थानिक मंडळे स्थापन झाली, पण त्यांतील मताधिकार मालमत्ता व दर्जा यांच्या अटींनी मर्यादित होता. गावच्या चावडीवर ज्याला पायरीखाली उभे राहावे लागे, त्याला जिल्ह्याच्या मंडळावर निवडून जाण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. मंडळीच्या सेशनमध्ये बसण्यासाठी मात्र जमीन लागत नसे. बाप्तिस्मा झालेला आणि प्रभुभोजनात सहभागी होण्याचा अधिकार असलेला सभासद असणे आणि आचरण चांगले असणे पुरेसे होते. ठराव मांडणे, अनुमोदन देणे, मत नोंदवणे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे या गोष्टी अनेक कुटुंबांनी प्रथम येथे अनुभवल्या असे म्हणण्यास जागा आहे. अर्थात या चित्राचे आदर्शीकरण करू नये. सेशन ही न्यायसभाही होती. मद्यपान, देवदेवस्कीकडे परत वळणे, मंडळीबाहेर जुळवलेली लग्ने अशा बाबींवर ती सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवू शकत असे. जातपंचायतीच्या बहिष्काराची आठवण व्हावी असा हा अधिकार होता. फरक इतकाच की निर्णय लिहून ठेवावा लागे आणि त्यावर वरच्या सभेकडे अपील करता येई.

वेतनाचा प्रश्न

कागदावरची ही रचना प्रत्यक्षात कितपत उतरली? या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रात सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत सापडते.

अँडरसन आणि त्यांचे इंग्लंडमधील समकालीन हेन्री व्हेन यांनी मंडळीची तीन लक्षणे सांगितली होती. ती स्वतःच्या खर्चाने चालावी, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतः प्रसार करावा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, ती याच विचाराच्या ओघात. परंतु पाळकाला दीक्षा देणे सोपे होते, त्याला पोसणे अवघड. ज्या मंडळीतील बहुसंख्य कुटुंबे बलुत्यावर किंवा मजुरीवर जगत होती, ती शिकलेल्या पाळकाचे रोख मासिक वेतन कोठून देणार? साहजिकच वेतनाचा मोठा वाटा मिशनकडून येई. खेड्यात तर बहुधा स्वतंत्र पाळकच नसे. मिशनच्या शाळेचा मास्तरच रविवारी उपासना घेई, आजाऱ्याला भेटे, अर्ज लिहून देई. घरोघरी स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचे काम बायबल-स्त्रिया करीत. या स्त्रियांना सेशनमध्ये आसन नव्हते. अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चने वडीलपद स्त्रियांना १९३० मध्ये आणि पाळकपद १९५६ मध्ये खुले केले. तोपर्यंत मंडळीच्या कामाचा मोठा भार वाहणाऱ्या या सेविकांची नोंद कामगारांच्या यादीत होत असे, नेत्यांच्या यादीत नव्हे.

मास्तर, सुवार्तिक, बायबल-स्त्री आणि पुष्कळदा पाळकही, सर्व मिशनच्या पगारपत्रकावर. अशा स्थितीत सेशनमध्ये मतांची समानता असली, तरी एका टोकाला वेतन देणारा मिशनरी आणि दुसऱ्या टोकाला वेतन घेणारे वडील बसलेले असत. वडील स्वतः मिशनच्या शाळेत किंवा रुग्णालयात नोकरीला असतील तर त्यांचे मत कितपत मोकळे राहत असेल, याची कल्पना करता येते. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आणि मोलकरी असा भेद केलेला आहे. माण, खटाव, जत या भागांतील श्रोत्याला तो समजावून सांगावा लागत नसे. स्वतःच्या मेंढरांमागे चालणारा धनगर आणि मजुरीवर ठेवलेला मेंढका हा फरक त्याच्या रोजच्या पाहण्यातला. पाळक या दोहोंपैकी कोण, हाच खरा प्रश्न होता.

साताऱ्यात हा प्रश्न सर्वांत ठसठशीतपणे मांडला तो टिळकांनी. ते प्रेसबिटेरियन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनमध्येच त्यांचे कार्य झाले. तरीही या विषयात त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात राहून 'देवाचा दरबार' उभा करण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे जागा होती. पगारी धर्मसेवेपासून मुक्त झाल्याखेरीज या देशात ख्रिस्ताचे काम आपलेपणाने होणार नाही, ही त्यामागील धारणा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मोठ्या कवीचा एक भावनिक प्रयोग म्हणून त्याकडे पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. पगारपत्रकाबाहेर पडून धर्मनेतृत्व करता येते का, याची ती या परिसरातील प्रत्यक्ष परीक्षा होती.

तुलनेसाठी मिझोरामचे उदाहरण उपयुक्त ठरेल. तेथील प्रेसबिटेरियन कुटुंबांत स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. हे तांदूळ गोळा करून विकले जातात आणि चर्चच्या उत्पन्नात त्याचा मोठा हातभार लागतो. तेथे जवळजवळ सर्व गाव ख्रिस्ती असल्याने हे शक्य झाले. सातारा–सांगलीच्या खेड्यांत ख्रिस्ती घरे मोजकी आणि गावकुसाबाहेरची. हंगामाच्या उपकारस्तुतीला ज्वारी, शेंगा, कोंबडी, अंडी अर्पण करावीत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हावा, एवढ्याने पाळकाचे वर्ष निघणे कठीण.

एकीकरणानंतर

१९०४ मध्ये भारतातील अनेक प्रेसबिटेरियन मंडळ्या एका जनरल असेंब्लीखाली आल्या. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे एकीकरण होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ही संस्था झाली आणि सातारा व सांगली प्रथमच एका छत्राखाली आले. रचना बरीचशी प्रेसबिटेरियन वळणाची राहिली; प्रेसबिटरीच्या जागी चर्च कौन्सिल आले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेतून येणाऱ्या पैशाला कात्री लागली. स्वावलंबनाचा जो उपदेश अँडरसन यांच्यापासून चालत आला होता, तो आता नाइलाज म्हणून अमलात येऊ लागला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. युनायटेड चर्च त्यात विलीन झाले आणि सांगली–कोल्हापूरकडील मंडळ्या कोल्हापूर डायोसिसमध्ये आल्या. नव्या व्यवस्थेत बिशप, प्रेसबिटर व डीकन अशी दीक्षित सेवेची तीन पदे आहेत. बिशपपद घटनेच्या चौकटीत बांधलेले आहे, आणि डायोसिसच्या कौन्सिलमध्ये सामान्य सभासदांचे प्रतिनिधीही बसतात. स्त्रियांनाही आता दीक्षा मिळते. तथापि 'प्रेसबिटर' ही संज्ञा येथे फक्त दीक्षित पाळकासाठी वापरली जाते. मंडळीने निवडलेल्या ज्या वडिलांवरून त्या परंपरेला नाव मिळाले होते, त्यांचे काम आता पास्टोरेट कमिटीचे निवडून आलेले सभासद करतात. त्यांना पूर्वीप्रमाणे त्या पदाची दीक्षा नाही.

पाळकाची बदली बिशप करतात. मंडळीने बोलावणे पाठवायचे आणि वरच्या सभेने ते मंजूर करायचे, हा क्रम राहिला नाही. साधारण रीत अशी की मंडळ्यांनी आपापला हिस्सा डायोसिसकडे भरावा आणि वेतन तेथून व्हावे. याचा एक लाभ निर्विवाद आहे : मिरजेसारख्या शहरी, नोकरदारांच्या मंडळीचा पैसा वाळव्याच्या किंवा जतच्या लहान मंडळीच्या पाळकापर्यंत पोहोचू शकतो आणि एखाद्या श्रीमंत सभासदाच्या हाती पाळकाची चूल राहत नाही. आपण भरलेल्या वर्गणीवर आलेला पाळक आपण निवडलेला मात्र नाही, ही रुखरुख त्याच शहरी मंडळ्यांत अधिक असणे स्वाभाविक आहे. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदपुस्तके पाळकाच्या ताब्यात असतात. दानार्पणाची वही खजिनदाराकडे. महिन्याच्या सभेत या दोघांच्या मध्ये निवडलेले सभासद बसतात, आणि मागील सभेचे इतिवृत्त आधी वाचले जाते.