‘सॉकर’ हे नाव कोणाचे?

लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये 26 ऑक्टोबर 1863 रोजी काही क्लबांच्या प्रतिनिधींनी फुटबॉल असोसिएशनची स्थापना केली खरी. परंतु चेंडू हाती घेऊन धावण्यास मुभा असावी काय, आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे कायदेशीर मानावे काय, या दोन कलमांवरून जो तंटा माजला, त्यात ब्लॅकहीथ क्लब डिसेंबरातच बाहेर पडला आणि 1871 साली रग्बी पक्षाने आपली स्वतंत्र संघटना उभारली. एकाच नावावर असे दोन दावेदार उभे राहिल्यामुळे एकास ‘रग्बी फुटबॉल’ व दुसऱ्यास ‘असोसिएशन फुटबॉल’ म्हणणे प्राप्त झाले.

शब्द छाटून त्यास ‘अर’ हा प्रत्यय जोडण्याची जी लकब त्या काळी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांत रूढ होती, तिने ‘रग्बी’चे ‘रगर’ केले आणि ‘असोसिएशन’च्या पोटातील चार-दोन अक्षरे उचलून ‘सॉकर’ घडविले. ज्या शब्दास अमेरिकन म्हणून आज नाके मुरडली जातात, तो जन्माने अस्सल इंग्लिश आहे, हे न्यायबुद्धीने मान्य केलेच पाहिजे.

जेथे ‘फुटबॉल’ ही संज्ञा अन्य खेळाने आधीच काबीज केली होती, तेथे तो विशेष रुजला: अमेरिकेत, आयर्लंडात गेलिक खेळाच्या मुलखात, आणि 1859 पासून स्वतःची नियमावली बाळगणाऱ्या मेलबर्नमध्ये. अमेरिकेच्या मध्यवर्ती संघटनेने 1945 साली आपल्या नावात ‘सॉकर’ दाखल केला व 1974 साली ‘फुटबॉल’ वगळला. ऑस्ट्रेलियाच्या संघटनेने मात्र 2005 साली नेमके उलट केले.