काचपेटीतले मासे आणि आर. ओ.चे पाणी

चंद्रपूर-गडचिरोलीकडील श्रोत्यांपुढे घरात मासे पाळण्याविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धारिष्ट्यच. ज्या मुलखात गावोगावी बोडी आहे, आसोलामेंढा व घोडाझरीसारखे तलाव आहेत, ढिवरांच्या पिढ्या मासळीवर पोसल्या आहेत, तेथे चार मासे काचेच्या पेटीत ठेवून त्यांच्यासाठी पाणी शुद्ध करणारे यंत्र घ्यावे, हे ऐकून कोणालाही हसू येईल. आम्हालाही प्रथम आले होते. परंतु बोडीत दर पावसाळ्यात नवे पाणी येते. काचपेटीत ते आपणच घालावयाचे असते.

उन्हाळ्यात काय होते ते पाहा. बाहेर पारा ४५ अंशांवर, घरात कूलर चालू. पेटीतले पाणी दिसत दिसत खाली जाते. आपण बोअरचे पाणी ओतून पातळी भरून काढतो व निश्चिंत होतो. पण वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. समजा, पेटी १०० लिटरची आहे, आठवड्याला १० लिटर पाणी उडते, आणि बोअरच्या पाण्यात दर लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत. तर प्रत्येक आठवड्यास पेटीतले क्षार लिटरमागे ६० मिलिग्रॅमने वाढतील आणि दहा आठवड्यांत १२०० वर जातील. पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर आपण घासून काढतो, तोच येथे माशांच्या भोवती साठत असतो. म्हणून आमचे मत असे की, या बाजूला आर. ओ.चा खरा उपयोग पेटी भरण्यास नाही, उडालेले पाणी भरून काढण्यास आहे.

आता हे यंत्र करते काय? मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण पातळ बाजूचे पाणी पटलातून घट्ट बाजूकडे जाते. नोले या फ्रेंच पंडिताने १७४८ साली मद्यार्काच्या भांड्यावर डुकराच्या मूत्राशयाचे पटल ताणून ते पाण्यात बुडवले व हेच पाहिले. हे परासरण. घट्ट बाजूवर पुरेसा दाब दिला, तर पाणी उलट दिशेने येते आणि क्षार मागे राहतात. हे व्यवहारात साधणारे पटल सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार केले.

दाब हा सर्व गोष्टीचा प्राण आहे, आणि यंत्र घेणारा बहुधा तेथेच फसतो. ७५ गॅलनचे पटल म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर. पण तो आकडा २५ अंश उष्णतेचा आणि सुमारे चार किलो दाबाचा. गच्चीवरची टाकी पाच मीटर उंच असली तरी दाब अर्धा किलोच मिळतो. तेव्हा पंप हवाच. मे महिन्यातील गच्चीवरचे तापलेले पाणी तर पटलात कधीच घालू नये. ते पहाटे भरून घ्यावे.

पटलाच्या आधी गाळ अडवणारी कांडी व कोळशाची कांडी असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पटल खाऊन टाकतो, म्हणून कोळसा अनिवार्य. बोअरचे पाणी भांड्यात ठेवल्यावर तांबूस होत असेल, तर त्यातले लोह आधी काढावे. पिण्यासाठी विकतात त्या यंत्रात पुष्कळदा मूळ पाणी थोडे परत मिसळणारी तोटी असते. पेटीसाठी ती बंद ठेवावी. जंतू मारणाऱ्या दिव्याला येथे काही काम नाही. नवे पटल बसवल्यावर पहिल्या एक-दोन तासांचे पाणी फेकून द्यावे. मग टी. डी. एस. मीटरने आत जाणारे व बाहेर येणारे पाणी मोजावे. ६०० चे ४० झाले तर पटल ठीक आहे. १०० च्या वर जाऊ लागले तर बदलण्याची वेळ आली.

परंतु निव्वळ आर. ओ.च्या पाण्यात मासे सोडू नयेत. आम्ही एकदा उत्साहाच्या भरात आख्खी पेटी त्याने भरली. पाणी स्फटिकासारखे दिसत होते. दुसऱ्या सकाळी निम्मे मासे पालथे पडलेले. क्षारच नसल्याने पाण्याची आम्लता सावरून धरणारे काही उरत नाही. उपाय मिश्रणाचा : मूळ पाण्याचा जडपणा ४०० असेल आणि १०० हवा असेल, तर एक भाग मूळ पाणी व तीन भाग आर. ओ.चे. आणि हेही मासा पाहून. गप्पी व मोली जड पाण्यात सुखाने राहतात. अमेझॉनच्या डिस्कस माशाची किंवा निऑन टेट्राची पैदास करावयाची असेल, तरच एवढा खटाटोप.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जाते, ही गोष्ट दुकानदार सहसा आपण होऊन सांगत नाही. ते वाचवण्यासाठी सांडपाण्याच्या नळीवरील रोधक आवळू नये. पटलावर क्षार चढून ते निकामी होते. ते पाणी बादलीत धरून फरशीला वापरावे. आमच्याच जिल्ह्यात अशी गावे आहेत की, बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. तेथे हेच यंत्र माणसांसाठी लागते. ते आठवले की बादली ठेवण्याचा कंटाळा येत नाही.

आणि पावसाळा? दहा चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर मऊ पाणी फुकट. चंद्रपुरात छपरावर कोळशाची धूळ व राख बसते, तेव्हा पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्याव्यात. आमची पेटी जुलैपासून दिवाळीपर्यंत त्याच पाण्यावर असते. मात्र त्या काळात यंत्र कोरडे पडू देऊ नये; आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावे.