चमकणारे जंतू आणि क्षयाची गाठ

अंधारात मोबाईलची बॅटरी लावून तिच्यावर बोटे ठेवा. उजेड पांढरा, पण बोटे लाल दिसतात. रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेते, लाल तेवढा बाहेर येतो. वर्गात आम्ही हा प्रयोग करतो तेव्हा कुणीतरी विचारतेच, "टीचर, मग आतले जंतू का दिसत नाहीत?"

दिसतील, पण ते स्वतः चमकले पाहिजेत. ही चमक जेलीफिशने दिली. जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनी तिच्यातले हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले, ते १९६२ साली प्रसिद्ध झाले. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक जिवाणूत घातले. निळा प्रकाश टाकताच जिवाणू हिरवे उजळले. २००८ च्या नोबेलमध्ये हे दोघेही होते.

उंदराचे केस आणि मांस प्रकाश अडवतात, म्हणून तिथे लाल चमकेचे जंतू बरे पडतात. झेब्राफिशची गोष्ट वेगळी. हा आपल्याच उपखंडातल्या नद्यांचा पट्टेरी मासा. त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. बडोद्यात डॉक्टर झालेल्या ललिता रामकृष्णन यांनी अमेरिकेत या पिल्लांमध्ये चमकणारे जंतू सोडले. माणसाच्या क्षयजंतूचे ते जवळचे भाऊबंद. पिल्लू जिवंत ठेवून तेच पुन्हा पुन्हा पाहता येते. दर वेळी नवा जीव मारावा लागत नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

पुस्तकांत होते की क्षयाची गाठ म्हणजे जंतूंना कोंडणारी भिंत. पिल्लांत मात्र वेगळेच दिसले. जंतूंनी भरलेली पेशी मेली की तिला खायला नव्या रक्षक पेशी धावत येतात, आणि त्याच जंतूंचे नवे घर होतात. सुरुवातीच्या काळात गाठ अशी जंतू वाढवते. पुढे असेही आढळले की या पेशींत राहिलेले काही जंतू औषधालाही दाद देईनासे होतात.

म्हणूनच गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात. आमच्या एका विद्यार्थिनीच्या अम्मींनी तिसऱ्या महिन्यातच दवा सोडली होती. "खोकलाच नाही, मग कशाला?" वर्षभरात दुखणे परतले. हिरव्या ठिपक्यांचे ते चित्र आम्ही फळ्याशेजारी लावले, तेव्हा तास संपल्यावर मुलगी थांबली. म्हणाली, "टीचर, हे एक दिवस घरी नेऊ?"