हडळ, टोनही आणि दाखविणारे बोट

लोकसमजुतीप्रमाणे बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. म्हणजे जिच्या मृत्यूचा जाब जिवंतांनी द्यावयाचा, तीच त्यांना छळणारी ठरते. मराठी भयकथेने ही उलटापालट जशीच्या तशी उचलली.

छत्तीसगढात हेच जिवंत स्त्रीच्या वाट्याला येते. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तरी त्या मुलखातून 'टोनही' हद्दपार झाली नाही. गुरे दगावली, मूल आजारले, की एखाद्या विधवेकडे बोट दाखविले जाते. तेथील २००५ च्या टोनही प्रताडना निवारण अधिनियमातील व्याख्या समीक्षकांनी अवश्य वाचावी. अमुक व्यक्ती जादूटोण्याने अपाय करील असे कोणी दर्शविले, म्हणजे ती टोनही. टोनहीपण तिच्या ठायी नाही, दाखविणाऱ्याच्या बोटात आहे! तसे नुसते ठरविण्यासही तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे.

ते बोट कोणाचे, हाच स्त्रीवादी वाचनाचा प्रश्न होय. भयकथेतील वाड्यातली बाई दिसते ती भ्यालेल्या निवेदकाच्या डोळ्यांनी. तिचे उलटे पाय तो न्याहाळतो. तिची हकीकत मात्र अखेरीस कुणी म्हातारा गडी दोन वाक्यांत उरकतो. शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८९२ साली 'द यलो वॉलपेपर'मध्ये निवेदनच बाईच्या हाती दिले. सक्तीच्या विश्रांतीत कोंडलेली ती बाळंतीण भ्रमिष्ट होत जाते, आणि वाचकाला भय वाटू लागते ते तिच्या डॉक्टर नवऱ्याच्या समजूतदारपणाचे. हडळीने आपली कथा सांगितली, तर ती वाड्यापासून नव्हे, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीपासून सुरू होईल.