जुन्या हातपंचांचे सुटे भाग

पत्राकामाच्या दुकानांत पत्र्याला भोक पाडण्यासाठी जे हातपंच वापरले जातात, त्यांचा सांगाडा क्वचितच निकामी होतो. जबडे आणि मुठी वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत होतात, रंग उडतो, खिळीत थोडी ढील येते, तरी हत्यार कामाला येते. तुटतो, झिजतो किंवा हरवतो तो पंच, म्हणजे पत्र्यातून आरपार जाणारा कठीण पोलादाचा बोटभर दांडा, आणि त्याच्या बरोबर खाली बसणारी डाय, म्हणजे तो दांडा ज्याच्या भोकात उतरतो ते पोलादी बूच. हे दोन चिमुकले भाग नसतील तर उरलेले सगळे पोलाद भंगाराच्या भावाचे ठरते. त्यामुळे जुन्या हातपंचाला जुळणारा पंच आणि डाय शोधणे हा किरकोळ खरेदीचा विषय न राहता मापनशास्त्र, धातुशास्त्र आणि कारखानदारीचा इतिहास या तिघांचा एकत्र प्रश्न बनतो.

या वर्गातील सर्वांत परिचित हत्यार अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या गावचे आहे. रॉक नदीकाठचे हे गाव यंत्रे आणि यांत्रिक हत्यारे घडवणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि तेथेच ‘नंबर ५ ज्युनिअर’ या नावाने ओळखला जाणारा हातपंच तयार होऊ लागला. साडेआठ इंचांच्या आसपास लांबीचे हे हत्यार एका हातात मावते. त्याच्या संचात ३/३२, १/८, ५/३२, ३/१६, ७/३२, १/४ आणि ९/३२ इंच अशा सात मापांचे पंच आणि तितक्याच डाय येतात, आणि १६ गेजच्या (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक) मऊ पोलादी पत्र्यात पाव इंचाचे भोक पाडणे ही त्याची जाहीर क्षमता आहे. डाय खालच्या जबड्यात आट्यांनी बसते आणि ती फिरवण्यासाठी संचात एक छोटी किल्ली दिलेली असते. भोक कडेपासून ठरावीक अंतरावर पडावे म्हणून सरकता अडसर असतो. पंचाच्या टोकाला मधोमध एक बारीक अणी ठेवलेली असते, जी पत्र्यावर आखलेल्या खुणेत टेकवून भोकाची जागा नेमकी साधता येते. रॉकफर्डच्या हातपंचांवर कोठे ‘डब्ल्यू. ए. व्हिटनी’, कोठे ‘व्हिटनी मेटल टूल’, कोठे ‘व्हिटनी-जेन्सन’ आणि अलीकडच्या काळात ‘रोपर व्हिटनी’ अशी नावे उठवलेली आढळतात, आणि पुढे याच साच्याच्या नकला तैवान व चीनमधील कारखान्यांतूनही निघाल्या. म्हणून एकसारखे दिसणारे दोन पंच एकाच मापांचे असतीलच, असे गृहीत धरता येत नाही. शोधाची सुरुवात नावापेक्षा क्रमांकापासून करावी हे खरे, परंतु क्रमांकानेही काम संपत नाही. शेवटी मायक्रोमीटर हाती घ्यावाच लागतो.

जुळणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. पंचाच्या बाबतीत त्याच्या अंगाचा व्यास, एकूण लांबी आणि डोक्याचा घाट ही तीन मापे सांगाड्याशी जुळावी लागतात, आणि त्यांतला डोक्याचा घाट बहुतेकदा दुर्लक्षिला जातो. भोक पडल्यावर पत्रा पंचाला घट्ट आवळून धरतो, म्हणून परतीच्या वेळी मुठीच्या तरफेला पंच वर ओढून काढावा लागतो, आणि त्यासाठी तरफेचे टोक पंचाच्या डोक्यापाशी असलेल्या खाचेत किंवा कडेखाली अडकते. ही कड थोडी पातळ किंवा जाड असली तर पंच खाली जातो, पण परत येत नाही. लांबी कमी पडली तर पंच पत्रा भेदून डायमध्ये पुरेसा उतरत नाही आणि टिकली, म्हणजे भोकातून सुटणारी पत्र्याची चकती, अर्धवट लोंबत राहते. लांबी जास्त झाली तर पंच इतका खाली उतरतो की मागे घेतल्यावरही जबड्यांत पत्रा सरकवायला जागा उरत नाही.

ही सगळी मापे साधली तरी ती केवळ हत्यारात बसण्याची मापे झाली. खरी जुळणी पंच आणि डाय यांच्या आपसातली असते. डायचे भोक पंचापेक्षा किंचित मोठे असावे लागते. या फरकाला क्लिअरन्स म्हणतात आणि मऊ पोलादासाठी तो प्रत्येक बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवण्याची रीत आहे. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला व्यासात ०.१५ ते ०.३० मिलिमीटर फरक चालतो, तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला ०.०५ ते ०.१० मिलिमीटर पुरतो. म्हणजे हातपंचासोबत येणारी एकच डाय ही मुळातच एक तडजोड असते. आता इंची हत्यारात मिलिमीटरचा भाग बसवण्याचा मोह कोठे घात करतो ते पाहावे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्या पंचाखाली ६.५ मिलिमीटर भोकाची डाय आली तर ०.१५ मिलिमीटरचा फरक मिळून काम बिनबोभाट होते. पण पाव इंची पंचासाठी केलेल्या ६.४५ मिलिमीटर भोकाच्या डायवर ६.५ मिलिमीटरचा पंच उतरवला, तर पहिल्याच दाबाला एकाची धार नाही तर दुसऱ्याची कड उडते. म्हणून पंच आणि डाय हे दोन सुटे भाग न मानता एकच जोडी मानावी, आणि त्यांतला एक गेला तर दुसऱ्याचे माप घेतल्याशिवाय नवा मागवू नये.

गेजच्या आकड्यानेही फसगत होते. अमेरिकेत पोलादी पत्र्याचा १६ गेज म्हणजे सुमारे १.५२ मिलिमीटर, तर ब्रिटिश एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) पद्धतीत, जी भारतातल्या बाजारात दीर्घकाळ रुजलेली आहे, १६ गेज म्हणजे सुमारे १.६३ मिलिमीटर. भोकाला लागणारा जोर त्याच्या परिघाला पत्र्याच्या जाडीने आणि धातूच्या कातरबलाने गुणून मिळतो. पाव इंचाच्या भोकाला अमेरिकन १६ गेजमध्ये तो एक टनाच्या थोडा वर जातो, आणि ब्रिटिश १६ गेजमध्ये त्याहून सात टक्के अधिक. स्टेनलेस स्टीलचे कातरबल मऊ पोलादाच्या साधारण दीडपट असते, त्यामुळे ज्या जाडीपर्यंत मऊ पत्रा चालतो त्या जाडीचे स्टेनलेस अशा हत्याराला देणे म्हणजे मिळवलेला पंच हाताने मोडणे होय.

आट्यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात देशांचे इतिहास मिसळलेले आहेत. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत मांडली. विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ६० अंशांची पद्धत सुचवली आणि अमेरिका त्या वाटेने गेली. अर्ध्या इंचाच्या स्क्रूला व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १२ आटे, तर अमेरिकन जाड आट्यांच्या पद्धतीत १३; येथे चूक लगेच कळते, कारण स्क्रू दोन फेऱ्यांत अडतो. पाव इंचाला मात्र दोन्हीकडे २० आटे आहेत, त्यामुळे एकाचा स्क्रू दुसऱ्यात सहज जातो, पण कोन वेगळा असल्याने आटा पूर्ण अंगाने न टेकता एका रेषेवर टेकतो आणि भार पडला की झिजतो. दुसऱ्या महायुद्धाने या विसंगतीची किंमत दाखवून दिल्यावर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकसंध इंची आट्यांचा करार केला. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या वर्कशॉपात ब्रिटिश, अमेरिकन आणि मेट्रिक अशा तिन्ही आट्यांची हत्यारे एकाच फळीवर सापडू शकतात. सहा मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, एक मिलिमीटर, तर २० आट्यांच्या पाव इंची स्क्रूचा १.२७ मिलिमीटर; डोळ्याला हा भेद चटकन दिसत नाही, पिच गेज लावला की लपत नाही.

सुटे भाग एकमेकांच्या जागी बसावेत ही कल्पनाच मुळात गेजांच्या, म्हणजे प्रमाणभूत मापकांच्या, शिस्तीतून जन्मली. जॉन हॉल याने १८२० च्या दशकात हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात बंदुकांचे भाग बदलते करून दाखवले, ते प्रत्येक माप मापकांवर तपासूनच. हीच कसोटी हातपंचाच्या कारखान्यालाही लागू पडते. नाव बदलले, मालकी बदलली, तरी जुन्या क्रमांकाचे माप ज्याने बदलले नाही, त्याने कित्येक जुनी हत्यारे जिवंत ठेवली. याउलट थोड्या सोयीसाठी ज्याने डोक्याची कड अर्ध्या मिलिमीटरने हलवली, त्याने चालती हत्यारे निरुपयोगी केली. उत्पादन बंद करणाऱ्या प्रत्येक कारखान्याने निदान मापांचे रेखाचित्र तरी खुले करावे, ही मागणी रास्त आहे आणि ती पुन्हा पुन्हा करायला हवी.

मूळ भाग मिळाला नाही आणि नकलेचा भाग मापात बसला नाही, तर एकतर त्याच क्रमांकाचे दुसरे मोडके हत्यार घेऊन त्यातले भाग काढावेत, नाहीतर टर्नरकडून नवे घडवून घ्यावेत. आपल्याकडे ओएचएनएस नावाने विकले जाणारे, तेलात कठीण होणारे आणि आकार फारसा न बदलणारे पोलाद या कामाला उत्तम; मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या बाजारांमुळे लागणारी सामग्री जमवणे अवघड नाही. पंच आधी लेथवर मापात काढावा, मग सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवावा आणि लगेच २०० ते २५० अंशांवर पुन्हा तापवून टेंपर करावा, म्हणजे त्याचा ठिसूळपणा कमी करावा. घाईच्या कारागिराच्या हातून टेंपरिंग राहून जाते आणि मग पंच काचेसारखा तुटतो. तरफ टेकते ते डोके धारेपेक्षा थोडे मऊ ठेवणेही आवश्यक आहे.

फ्लाय प्रेसची, म्हणजे गोळ्यांच्या वजनाने फिरणाऱ्या स्क्रूच्या उभ्या हातयंत्राची, गोष्ट वेगळी. तेथे पंच आणि डाय कारागीर स्वतःच करून लावतो, सांगाड्याशी केवळ शँकचा, म्हणजे रॅमच्या (स्क्रूबरोबर वरखाली सरकणाऱ्या ठोकळ्याच्या) भोकात जाणाऱ्या दांड्याचा, व्यास जुळावा लागतो. अडचण येते ती झिजलेल्या नटाची. अनेक मुखांच्या चौकोनी आट्यांचा तो नट जुन्या स्क्रूवरच मापून करावा लागतो.

हातपंचात नवी जोडी बसवल्यावर आधी कागद, मग पातळ ॲल्युमिनिअम आणि शेवटी पत्रा असा क्रम ठेवावा. कागदाचे भोक एका बाजूला फाटले तर पंच आणि डायचे मध्य जुळलेले नाहीत. पत्र्यातून निघालेली टिकली भिंगाखाली पाहावी: काठावर चकचकीत पट्टा आणि त्याखाली खरबरीत तुटीचा पट्टा असा एकेकच दिसला तर क्लिअरन्स योग्य आहे, चकचकीत पट्टे दोन दिसले तर डाय फार घट्ट आहे, आणि कडा गोल होऊन बर, म्हणजे काठाला उरलेली धातूची बोचरी किनार, लोंबत असेल तर डाय सैल आहे. घट्ट डायचे भोक लॅपिंगने, म्हणजे बारीक घर्षणचूर्ण लावलेल्या दांडीने घासून, जरासे वाढवता येते. सैल डायला मात्र उपाय नाही, ती नवीनच करावी लागते.