रेंज नसली तरी ओटीपी मिळणार! ई-वे बिलाचे ‘शील्ड’ ॲप कसे चालते?

माल गाडीत भरून झाला आहे, चालक निघायच्या घाईत आहे. पण ई-वे बिलासाठी लॉगिन करताना ओटीपीचा एसएमएसच येत नाही. गोदामात रेंज नसली की हा खोळंबा ठरलेला. त्यावर उपाय मोबाइलमध्येच आहे.

नियम काय आहे?
ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना द्विस्तरीय पडताळणी बंधनकारक आहे. त्यामुळे युजरनेम आणि पासवर्डनंतर ओटीपीही द्यावा लागतो. तो तीन मार्गांनी मिळतो : एसएमएस, ‘संदेस’ ॲप आणि ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ ॲप.

इंटरनेटशिवाय ओटीपी कसा?
एसएमएसचा ओटीपी सर्व्हरकडून येतो. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये मात्र तो तुमच्याच मोबाइलमध्ये तयार होतो. नोंदणीच्या वेळी मोबाइल आणि सर्व्हर या दोघांकडे एकच गुप्त कळ ठेवली जाते. ही कळ आणि घड्याळातील वेळ यांच्या गणितातून दोन्हीकडे एकच आकडा निघतो. तो जुळला की लॉगिन होते. ‘शील्ड’मधील ओटीपी दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्यासाठी नेटवर्क लागत नाही.

ॲप कोठून घ्यायचे?
ई-वे बिल किंवा ई-इन्व्हॉइस पोर्टलवर लॉगिन करून मेन मेन्यूमधील ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’ या पर्यायातूनच ते डाउनलोड करा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवरून किंवा कोणी पाठवलेल्या फाइलवरून घेऊ नका.

ओटीपी चुकीचा दाखवतोय?
आधी मोबाइलचे घड्याळ तपासा. ते मागेपुढे असेल, तर आकडा जुळत नाही. सेटिंगमध्ये तारीख व वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. आकडा बदलायला दोन-चार सेकंदच उरले असतील, तर नव्याची वाट पाहा.

एकच लॉगिन सगळ्यांना नको
अनेक पेढ्यांमध्ये मालकाच्या लॉगिनवर मुनीम, अकाउंटंट, डिस्पॅचवाला असे सगळेच काम करतात आणि ‘शेठ, ओटीपी सांगा’ असा फोन दिवसातून दहादा जातो. धोका इथेच आहे. फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली की अकाउंटंटच्या नावाने बोलणाऱ्या भामट्यालाही तो सहज सांगितला जातो. दुसऱ्याच्या हाती लॉगिन गेले, तर तुमच्या जीएसटी क्रमांकावर खोटी बिले निघू शकतात. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र सब-युजर करून द्या. सब-युजरची पडताळणी त्याच्या स्वतःच्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर होते. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करा.

हे विसरू नका
ॲप आले म्हणून ओटीपी सांगण्यातला धोका संपत नाही. ३० सेकंदांचा आकडाही फोनवर सांगितला, तर समोरच्याला तेवढा वेळ पुरतो.